रयतेची जाण असलेला वजीर : मलिक अंबर

जुन्नर आणि आंबेगाव हे पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागातील दोन शेजारी तालुके आहेत. जुन्नरमधून कुकडी नदी वाहते, आंबेगावातून घोड नदी वाहते. या दोन्ही तालुक्यांत पारगाव नावाची गावे आहेत. टपाल चुकू नये म्हणून नुसते पारगाव असे लिहून भागत नाही. जुन्नर तालुक्यातील गावाचे नाव पारगाव तर्फे आळे असे लिहितात. आंबेगाव तालुक्यात एक पारगाव तर्फे खेड आहे आणि दुसरे पारगाव तर्फे अवसरी बुद्रुक आहे.

या नावांतील तर्फे हा शब्द तुमच्या ओळखीचा आहे. उर्दूत तरफ म्हणजे बाजू किंवा दिशा. जुन्या मुलकी कारभारात तर्फ म्हणजे काही गावांचा एक गट. अनेक गावांची एक तर्फ, आणि त्याहून मोठा भाग म्हणजे परगणा. त्या काळी सारा याच हिशेबाने गोळा होत असे. राजे गेले, राजवटी बदलल्या, पण हा शब्द गावाच्या नावाला चिकटून राहिला. शेतकऱ्याच्या घामाचा हिशेब ठेवणाऱ्या एका जुन्या व्यवस्थेची ती खूण आहे.

ती व्यवस्था नेहमीच न्यायाची नव्हती. शेतात राबणारा एक असे आणि धान्याच्या राशीवर हक्क सांगणारे अनेक असत. सुमारे चारशे वर्षांपूर्वी ही गोष्ट ज्याच्या ध्यानात आली आणि ज्याने ती सुधारण्याचा प्रयत्न केला, तो माणूस ना या देशात जन्मला होता, ना एखाद्या सरदाराच्या घरात. लहानपणी तो बाजारात विकला गेलेला गुलाम होता. त्याचे नाव मलिक अंबर.

मलिक अंबरचा जन्म इ. स. १५४८ च्या सुमारास आफ्रिकेतील हबशाण म्हणजे आजच्या इथिओपिया देशात झाला. त्याचे मूळ नाव चापू असल्याचे सांगतात. त्या काळी तांबड्या समुद्राच्या दोन्ही काठांवर माणसांचा व्यापार चाले. लहानपणीच तो गुलामांच्या व्यापाऱ्यांच्या हाती पडला. आईबाप, घर, गाव, भाषा सारे मागे राहिले. एका बाजारातून दुसऱ्या बाजारात, एका मालकाकडून दुसऱ्या मालकाकडे तो जात राहिला. अखेर मीर कासिम नावाच्या बगदादच्या व्यापाऱ्याने त्याला विकत घेतले. या मालकाला मुलाची हुशारी दिसली. त्याने त्याला लिहायला वाचायला शिकवले, हिशेब शिकवला आणि अंबर हे नाव दिले.

पुढे मीर कासिमने त्याला दख्खनमध्ये आणले. अहमदनगरच्या निजामशाहीत त्या वेळी चंगेजखान नावाचा पेशवा होता. पेशवा म्हणजे मुख्य प्रधान. हा चंगेजखान स्वतःही एकेकाळी हबशी गुलामच होता. त्याने अंबरला विकत घेतले. त्याच्या पदरी राहून अंबरने राज्यकारभार जवळून पाहिला. सैन्याचा खर्च कसा चालतो, सारा कोठून येतो, कोण किती घेतो आणि खजिन्यात किती पोहोचते, हे सारे तो न्याहाळत होता. चंगेजखानाच्या मृत्यूनंतर अंबर गुलामगिरीतून मुक्त झाला. काही वर्षे त्याने विजापूरकरांकडे नोकरी केली. नंतर तो पुन्हा निजामशाहीत आला आणि थोड्या घोडेस्वारांचा नायक बनला.

तो काळ मोठा कठीण होता. उत्तरेकडून अकबर बादशहाच्या फौजा दख्खनवर चालून आल्या होत्या. चांदबिबीने अहमदनगरचा किल्ला शौर्याने लढवला. पण १६०० साली किल्ला मुघलांच्या हाती पडला. राजधानी गेली, राजा कैद झाला. निजामशाही संपली असेच सर्वांना वाटले. पण अंबरने हार मानली नाही. त्याने विखुरलेले स्वार गोळा केले. निजामशाही घराण्यातील एका तरुण राजपुत्राला परांड्याच्या किल्ल्यावर गादीवर बसवले. हाच दुसरा मुर्तजा निजामशहा. राज्य राजाच्या नावाने चाले, कारभार मात्र मलिक अंबर पाही.

काही वर्षांनी, १६०७ च्या सुमारास, अंबरने राजधानी जुन्नरला आणली. जुन्नर हे निजामशाहीचे जुने ठाणे होते. या घराण्याचा संस्थापक मलिक अहमद याने १४९० साली येथूनच आपले स्वतंत्र राज्य सुरू केले होते. जवळ शिवनेरीसारखा बळकट किल्ला होता. नाणेघाटातून कोकणात उतरता येत होते. असे हे जुन्नर काही काळ निजामशाहीची राजधानी बनले. हबशी लोकांचा या भागाशी असलेला संबंध अजूनही विसरला गेलेला नाही. जुन्नरजवळची एक जुनी वास्तू हबशी घुमट या नावाने ओळखली जाते.

आता मलिक अंबरपुढे मोठा प्रश्न उभा राहिला. बलाढ्य मुघलांशी लढायचे तर फौज हवी. फौजेला पैसा हवा. पैसा येणार कोठून? त्या काळी राज्याचे मुख्य उत्पन्न एकच, ते म्हणजे जमिनीचा सारा. त्यामुळे लढाईचे ओझे शेवटी शेतकऱ्याच्याच पाठीवर येत असे.

शेतकऱ्यावर हक्क सांगणारे कोण कोण होते, ते पाहू. राज्यातील काही गावांचा सारा सरळ सरकारी खजिन्यात येई. अशा मुलखाला खालसा म्हणत. बाकीची बरीच गावे सरदारांना जहागीर म्हणून दिलेली असत. जहागिरीला दख्खनमध्ये मोकासा असेही म्हणत. जहागीर म्हणजे जमिनीची मालकी नव्हे. त्या गावांचा सारा घ्यायचा आणि त्यातून ठरलेले घोडेस्वार बाळगून राजाची चाकरी करायची, असा तो करार असे. राजाची मर्जी फिरली की जहागीर जाई. म्हणून पुष्कळ जहागीरदार आज हाती आहे तोवर शक्य तेवढे वसूल करून घेत. पुढच्या वर्षी शेतकरी जगेल की मरेल, याची फिकीर त्यांना नसे.

जहागीरदार येत आणि जात. वतनदार मात्र पिढ्यानपिढ्या तेथेच राहत. तुमच्या घरी वतन हा शब्द मायदेश या अर्थाने वापरतात. मराठीत त्याचा अर्थ वेगळा आहे. येथे वतन म्हणजे वंशपरंपरेने चालणारा अधिकार आणि त्याबद्दल मिळणारे उत्पन्न. गावात पाटील आणि कुलकर्णी, परगण्यात देशमुख आणि देशपांडे हे वतनदार होते. पाटील वसुली करी, कुलकर्णी हिशेब लिही. त्यांच्याशिवाय कोणत्याही राजाचे पान हलत नसे. त्यांपैकी चांगले लोक गावाची बाजू घेऊन सरकारशी भांडत. वाईट लोक सरकार आणि रयत या दोघांनाही फसवत.

या सर्वांहून वाईट होती ती इजाऱ्याची पद्धत. इजारा म्हणजे मक्ता. समजा, एका भागाच्या वसुलीचा लिलाव झाला. एका सावकाराने एक हजार होन देण्याचे कबूल केले आणि मक्ता मिळवला. त्याने ते हजार होन सरकारला दिले. सरकारचे काम झाले. आता तो शेतकऱ्यांकडून दीड हजार वसूल करो की दोन हजार, त्याला विचारणारे कोणी नव्हते. पाऊस पडला नाही तरी त्याला त्याचा पैसा हवाच असे. मग शेतकऱ्याचा बैल जाई, भांडी जात, शेवटी बियाणेही जाई. ज्याचे बियाणे गेले तो पुढच्या वर्षी काय पेरणार? तो रातोरात बायकामुलांना घेऊन दुसऱ्या मुलखात निघून जाई. शेत पडीक राही. एक घर उठले की दुसरे उठे. होता होता गाव ओस पडे.

मलिक अंबरने हे दुष्टचक्र ओळखले. पळून गेलेली रयत सारा देत नाही आणि ओस पडलेले गाव फौज पोसत नाही, हा साधा हिशेब त्याला कळला. स्वतः विकले जाण्याचे दुःख त्याने भोगले होते. पण त्याच्या सुधारणेमागे केवळ दया होती असे नाही. राज्य टिकवायचे तर शेतकरी टिकला पाहिजे, असे व्यवहारी शहाणपणही त्यामागे होते.

त्याने प्रथम इजाऱ्याची पद्धत बंद केली. वसुलीचे काम मक्तेदारांकडून काढून सरकारी कारकुनांकडे दिले. हे कारकून बहुतेक ब्राह्मण होते आणि त्यांच्यावर देखरेख करणारे अधिकारी मुसलमान होते. युद्धांमुळे गावचा जुना कारभार मोडकळीस आला होता. पाटील, कुलकर्णी आणि इतर गावकामगार यांच्या जागा अंबरने पुन्हा नीट उभ्या केल्या. गावाच्या वसुलीसाठी गावच्याच माणसाला जबाबदार धरले.

दुसरी गोष्ट म्हणजे त्याने जमिनीची प्रत पाहायला सुरुवात केली. नदीकाठची काळी जमीन आणि डोंगरउतारावरची मुरमाड जमीन यांना एकच सारा लावणे अन्यायाचे होते. म्हणून जमिनीचा कस आणि तीत प्रत्यक्ष येणारे पीक पाहून सारा ठरू लागला. प्रथम काही वर्षे सारा धान्याच्या रूपाने घेण्यात आला. त्यात सरकारचा वाटा पिकाच्या दोन पंचमांश होता, असे सांगतात. काही हंगामांचा अनुभव आल्यावर धान्याऐवजी रोख रक्कम ठरवण्यात आली. ही रक्कम पिकाच्या सुमारे एक तृतीयांश किमतीएवढी होती, अशी परंपरा आहे. म्हणजे शंभर मण बाजरी झाली, तर सुमारे तेहतीस मणांची किंमत सरकारात जाई आणि उरलेले धान्य शेतकऱ्याच्या घरी राही. आज आपल्याला हा वाटाही मोठा वाटेल. पण पूर्वी किती द्यावे लागेल हेच शेतकऱ्याला माहीत नसे. आता त्याला आपला हिशेब आधीच कळू लागला. शिवाय ही रक्कम दरवर्षी लागवड पाहून ठरत असे. त्यामुळे पडीक राहिलेल्या शेताचा बोजा शेतकऱ्यावर पडत नसे.

तिसरी गोष्ट जमिनीवरील हक्काची. मीरास हा शब्द उर्दूत वारसा या अर्थाने येतो. दख्खनमध्ये वडिलोपार्जित जमीन कसणाऱ्या शेतकऱ्याला मिरासदार म्हणत. असे मिरासी हक्क अंबरच्या व्यवस्थेत मान्य झाले. जमीन आपल्याच मुलाबाळांकडे राहणार अशी खात्री असली, म्हणजे शेतकरी बांध घालतो, विहीर खणतो, झाडे लावतो. उद्याची खात्री नसेल तर तो तसे करत नाही.

मलिक अंबरने जहागिरी मात्र मोडल्या नाहीत. तसे करणे त्याला शक्यही नव्हते. त्याच्या फौजेत हबशी आणि दख्खनी मुसलमान होते, तसेच हजारो मराठे स्वारही होते. मराठे सरदार आपापल्या पथकांसह लढत आणि त्यांचा खर्च जहागिरीतून चाले. भोसले घराण्याकडे पुणे आणि सुपे या भागाची जहागीर होती. या सरदारांच्या बळावरच अंबरने आपली युद्धपद्धती उभी केली. उघड्या मैदानावर मोठ्या फौजेशी भिडायचे नाही. डोंगरदऱ्यांच्या आश्रयाने अचानक हल्ला करायचा, शत्रूची रसद तोडायची आणि दिसेनासे व्हायचे. हाच गनिमी कावा. १६१० साली त्याने अहमदनगरचा किल्ला मुघलांकडून परत जिंकला.

पण जहागिरीचा मोह दुधारी असतो. आज जहागीर देणाऱ्याच्या बाजूने लढणारा सरदार उद्या मोठ्या जहागिरीसाठी दुसरीकडे जाऊ शकतो. मुघल बादशहाजवळ देण्यासारखे पुष्कळ होते. सिंदखेडचे लखुजी जाधवराव यांच्यासारखे मातब्बर सरदार मुघलांना जाऊन मिळाले. १६१६ साली रोशनगावच्या लढाईत अंबरचा पराभव झाला. मुघल फौजेने त्याचे खडकी शहर लुटले. पुढच्या वर्षी त्याला मुघलांशी तह करून जिंकलेला मुलूख सोडावा लागला. तरीही तो खचला नाही. संधी मिळताच त्याने पुन्हा डोके वर काढले.

हे खडकी शहर त्याने १६१० साली वसवले होते. तेच पुढे औरंगाबाद या नावाने प्रसिद्ध झाले आणि आज छत्रपती संभाजीनगर म्हणून ओळखले जाते. शहर वसवायचे तर आधी पाणी हवे, हे अंबर जाणून होता. त्याने डोंगरातील झऱ्यांचे पाणी जमिनीखालच्या नळांतून शहरात आणले. त्या योजनेला नहर-ए-अंबरी म्हणतात. खापराचे नळ आणि दगडी बांधकाम यांतून कोणत्याही यंत्राशिवाय, केवळ उताराच्या आधारे हे पाणी शहरभर खेळत असे. शहरातील भडकल दरवाजा हीसुद्धा त्याच्याच काळातील वास्तू आहे.

अंबरची सर्वांत मोठी लढाई १६२४ साली अहमदनगरजवळ भातवडी येथे झाली. या वेळी मुघल आणि विजापूरकर दोघेही एकत्र येऊन त्याच्यावर चालून आले होते. अंबरचे वय तेव्हा पंचाहत्तरीच्या आसपास होते. त्याने भातवडीच्या तलावाचा बांध फोडला. शत्रूच्या छावणीभोवती पाणी आणि चिखल झाला. तोफा आणि गाडे रुतले. रसद बंद पडली. मग अंबरच्या स्वारांनी हल्ला चढवला आणि शत्रूची दाणादाण उडवली. या लढाईत शहाजीराजे भोसले यांनी मोठा पराक्रम केला. त्यांचे धाकटे बंधू शरीफजी याच रणांगणावर धारातीर्थी पडले.

दिल्लीच्या तख्तावर तेव्हा जहांगीर बादशहा होता. अंबरने त्याला इतके सतावले होते, की दरबारच्या चित्रकाराने अंबरच्या कापलेल्या मस्तकावर बादशहा बाण सोडीत आहे असे चित्र काढले. प्रत्यक्षात बादशहाला हे कधीच जमले नाही. मलिक अंबर १६२६ साली वृद्धापकाळाने मरण पावला. खुलताबाद येथे त्याची कबर आहे. त्याच्या मृत्यूनंतर मुघल दरबारातील इतिहासकारानेही त्याच्या युद्धकौशल्याची आणि कारभाराची मनमोकळी स्तुती केली. शत्रूने केलेली स्तुती ही खरी स्तुती असते.

अंबरनंतर त्याचा मुलगा फतेहखान कारभार पाहू लागला. पण बापाची दूरदृष्टी त्याच्याजवळ नव्हती. सरदार आपापसात भांडू लागले. युद्धे वाढली. त्यातच १६३० साली दख्खनमध्ये भयंकर दुष्काळ पडला. गावेच्या गावे ओस पडली. अंबरने बसवलेली घडी विस्कटली. १६३३ साली दौलताबादचा किल्ला मुघलांनी घेतला आणि १६३६ साली निजामशाही कायमची संपली. यावरून एक गोष्ट दिसते. चांगली व्यवस्था एका माणसाच्या बळावर उभी राहू शकते, पण त्याच्या एकट्याच्या बळावर ती टिकत नाही.

तरीही त्याचे काम वाया गेले नाही. ज्या जुन्नरला अंबरने राजधानी केली होती, त्याच्याजवळच्या शिवनेरी किल्ल्यावर १६३० साली शिवाजी महाराजांचा जन्म झाला. महाराजांनी स्वराज्यात जमिनीची मोजणी करवली, पिकाचा अंदाज घेऊन सारा ठरवला आणि वतनदारांच्या मनमानीला आळा घातला. सरदारांना जहागिरी देण्याऐवजी रोख पगार देण्याचे धोरण त्यांनी ठेवले. अंबरला जे करता आले नव्हते, ते पाऊल त्यांनी पुढे टाकले. मलिक अंबरच्या महसूल पद्धतीचा पाया त्यांना उपयोगी पडला, असे अनेक इतिहासकार मानतात.

वतने त्यानंतरही शेकडो वर्षे चालू राहिली. स्वातंत्र्यानंतर १९५० च्या कायद्याने परगणा आणि कुलकर्णी वतने रद्द झाली. १९६२ च्या कायद्याने मुलकी पाटलाचे वंशपरंपरागत पद गेले. आज गावाचे दप्तर तलाठ्याकडे असते. तलाठी परीक्षा देऊन नेमला जातो आणि पगार घेऊन काम करतो. शेतकऱ्याच्या हातात सातबाराचा उतारा असतो. आपल्या जमिनीविषयी काय लिहिले आहे, ते त्याला वाचता येते.

महसूल, वसूल, रयत, जमीन, हक्क, तहसील, दप्तर हे सारे शब्द मराठी शेतकरी रोज बोलतो आणि हेच शब्द उर्दूतही आहेत. हबशाणात जन्मलेला वजीर, ब्राह्मण कारकून, मराठे स्वार आणि कुणबी शेतकरी यांनी मिळून ज्या काळी कारभार चालवला, त्या काळाने ही शिदोरी आपल्यासाठी ठेवली आहे.

मलिक अंबर जन्माने राजा नव्हता. त्याच्यामागे घराणे नव्हते, जमीन नव्हती, वतनही नव्हते. बाजारात ज्याची किंमत केली गेली, त्या माणसाने रयतेची किंमत ओळखली. त्याची खरी थोरवी यातच आहे.

स्वाध्याय

१. प्रत्येकी एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) मलिक अंबरचा जन्म कोणत्या देशात झाला?
(आ) अंबरने खडकी शहर कोणत्या साली वसवले?
(इ) भातवडीच्या लढाईत अंबरने कोणती युक्ती केली?

२. थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) इजाऱ्याच्या पद्धतीमुळे गावे ओस का पडत?
(आ) जहागीरदार आणि वतनदार यांच्यात कोणता फरक होता?
(इ) अंबरने जहागिरी का मोडल्या नाहीत?

३. वतन, मीरास आणि तर्फ या शब्दांचे उर्दूतील व मराठीतील अर्थ लिहून त्यांतील फरक सांगा.

४. तुमच्या गावाचे किंवा मोहल्ल्याचे नाव कसे पडले असेल, याची घरातील वडीलधाऱ्या माणसांकडून माहिती मिळवा आणि ती आठ ते दहा ओळींत मराठीत लिहा.